दोन मॉनिटर आणि एक फरारी बाण

‘‘माझ्यासमोर उभं राहून आजवर एकही वजन खोटं बोललेलं नाही, तिथे माणसांची काय कथा! चाळीस फुटांवरून पाच ग्रॅमचा फरक माझी नजर ओळखते. शाई ओली की वाळलेली, हे माझं नाक सांगतं. माझ्या कानांबद्दल मी स्वतंत्र प्रकरण लिहीन. थोडक्यात, निसर्गाने गुप्तहेर घडवायला घेतला आणि कंटाळून मध्येच सोडून दिला नाही, तर जे तयार होईल, तो मी.’’

हे आमच्या ह्यांच्या आत्मचरित्राचं पहिलं पान. दुसरं पान अजून व्हायचं आहे. पहिलं मी तपासून दिलं तेव्हा त्यात तीन चुका सापडल्या. दोन व्याकरणाच्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. तिसरी चाळीस फुटांची. ती राहू दिली. नवऱ्याचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचं नसतं.

हे एकोणतीस वर्षं वजनमापांचे निरीक्षक होते. बाजारात दुकानदार यांना मागून ‘तराजू’ म्हणायचे. यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी पितळी वजनांची एक लाकडी पेटी भेट दिली. पेटीत मखमलीचे खळगे, सर्वांत मोठं वजन डावीकडे, मग उतरत उतरत उजवीकडे बोटाच्या नखाएवढं शेवटचं. दर शनिवारी हे सगळी वजनं बाहेर काढून पुसतात आणि परत त्याच क्रमाने निजवतात. निजवतात हाच शब्द बरोबर आहे, मी पाहिलंय.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी यांनी कार्डं छापून आणली. ‘खासगी अन्वेषण. तीक्ष्ण नजर, पूर्ण गुप्तता. दुपारी दोन ते चार बंद.’ त्यानंतर आमच्या इमारतीत जे गुन्हे घडले ते सगळे यांनी हाती घेतले. पहिला म्हणजे दोन डाव्या चपलांचा. एक दिवस यांच्या पायांत दोन्ही चपला डाव्याच निघाल्या. आठ महिने तपास चालू आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे त्याच दिवसापासून दोन उजव्या चपला आहेत, ही माहिती यांनी वहीत ‘योगायोग’ या मथळ्याखाली नोंदवून ठेवली आहे.

मी यांची सहायक. पगार नाही, रजा नाही, राजीनामा देण्याची सोय नाही.

माझं खरं काम वेगळं. पंधरा वर्षं मी घरी बसून मुद्रितं तपासते. छपाईला जाण्याआधीची पानं मूळ प्रतीशी ताडून बघायची आणि चुका काढायच्या. हे मला कोणी शिकवलं नाही. दुसऱ्यांच्या चुका बघत बघत आलं आणि थोड्या स्वतःच्या करत करत. आतापर्यंत कागदावर चालत होतं. पण प्रकाशनाच्या संपादकबाईंनी महिन्यापूर्वी फोन केला. ‘‘ताई, आता कागद बंद. सगळं कॉम्प्युटरवर. कारागिरीचा आठ खंडांचा कोश निघतोय. सहा पानं नमुन्याला पाठवते. पुढच्या गुरुवारी पाच वाजेपर्यंत तपासून आली, तर आठही खंड तुमचे. नाहीतर मला दुसरीकडे द्यावे लागतील. तिकडे सगळे शिकलेले लोक आहेत हो, पण मला तुमची नजर माहितीये.’’

आठ खंड म्हणजे चार वर्षांचं काम. आणि ते गेलं असतं, तर कागदाबरोबर मीही बंद.

आता या कामाला दोन मॉनिटर लागतात. एकावर लेखकाची मूळ प्रत, दुसऱ्यावर छपाईसाठी जुळवलेलं पान. एकाच मॉनिटरवर दोन्ही मांडली तर अक्षरं मुंग्यांएवढी होतात. घरातला मॉनिटर लहान, जुना. म्हणून बंद पडलेल्या एका कचेरीच्या सामानातून आम्ही एक मोठा घेतला. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. ह्यांनी तो चार मजले कडेवर घेऊन चढवला. मध्ये मी म्हटलं, ‘‘द्या थोडा वेळ,’’ तर म्हणाले, ‘‘सहायकाने पुरावा उचलायचा नसतो.’’ तेव्हा तो पुरावाही नव्हता.

गुरुवारी सकाळी अकराला दुरुस्तीवाला आला. मी तेव्हा नवा चष्मा आणायला गेले होते. परतले तोवर तो सगळं जोडून, चालू करून निघून गेला होता. टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी, डावीकडे मोठा, उजवीकडे लहान, दोन्ही उजळलेले. सासूबाई शेजारच्या खोलीत शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्या शिवायला बसल्या की तिकडे आगगाडी सुरू होते, घरात कोणी काय बोललं ते त्यांना कळत नाही. जेवले, हात धुतले, एक वाजता कामाला बसले.

फाईल उघडली. मूळ प्रत उजवीकडच्या लहान मॉनिटरवर आली आणि जुळवलेलं पान आपोआप डावीकडच्या मोठ्यावर. वा! अक्षरं कशी टपोरी. पहिलीच ओळ वाचली. ‘घाडा : पाणी साठवण्याचे मातीचे भांडे.’ घाडा! एक काना जास्त. मी हसले. असा काना दिसला की मला भूक लागते.

माउस डावीकडे सरकवला. बाण लहान मॉनिटरच्या डाव्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. अजून सरकवला. भिंतीला नाक लावून उभा राहिल्यासारखा जागचा हलेना. माउस टेबलाच्या टोकाला पोचला, तरी बाण तिथेच. वैतागून मी माउस उलट उजवीकडे झटकला, तर बाण सर्रकन उजव्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला.

‘‘अहो,’’ मी हाक मारली, ‘‘जरा इकडे या. बाण सापडत नाहीये.’’

चूक माझीच. आमच्या घरात ‘सापडत नाहीये’ हे शब्द मोठ्याने उच्चारायचे नसतात.

हे वही, मोजपट्टी आणि भिंग घेऊन हजर झाले. भिंग वजनांवरचे शिक्के तपासायचं, पण गुन्ह्याला चालतं.

‘‘शेवटचा कुठे दिसला होता?’’

‘‘या उजव्या कडेला.’’

‘‘एकटाच होता?’’

‘‘बाण होता हो.’’

‘‘वेळ?’’

‘‘आत्ताच. एक वाजून बारा.’’

‘‘अंगावर काय होतं?’’

‘‘पांढरा. काळी किनार.’’

हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. मग चिकट चिठ्ठ्यांची गड्डी काढली आणि मॉनिटर, माउस, टेबल, माझी खुर्ची या सगळ्यांवर पुरावा क्रमांक डकवले. दारावर आडवी पट्टी लावली. ‘‘घटनास्थळ. आता आत कोणी येणार नाही, बाहेर कोणी जाणार नाही.’’

‘‘मला पाच वाजता पानं पाठवायची आहेत.’’

‘‘गुन्हेगारही त्याचीच वाट बघतोय,’’ हे म्हणाले आणि आवाज खाली आणला. ‘‘एक सांगू? तो बाहेरचा नाही. हे काम घरातल्याच माणसाचं आहे.’’

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. संपूर्ण तपासातलं यांचं हे एकच विधान बरोबर होतं, आणि ते यांनी पुढच्या दहा मिनिटांत मागे घेतलं.

पहिला संशय माझ्या नव्या चष्म्यावर. हे दाराशी उभे राहून बोटं दाखवू लागले. किती? तीन. आता? दोन. आता? ‘‘अहो, ते कॅलेंडर आहे.’’ चष्मा निर्दोष सुटला.

दुसरा सिद्धांत खास वजनमापे खात्याचा होता. हे बराच वेळ दोन्ही मॉनिटरांकडे एक डोळा मिटून बघत राहिले आणि मग टाळी वाजवली. ‘‘पारडी! अगं, ही दोन पारडी आहेत. मोठ्याचं पारडं जड. लहानाकडून मोठ्याकडे जायचं म्हणजे बाणाला चढ लागतो. म्हणून तो कडेला जाऊन दमतो.’’

‘‘बाण दमतो?’’

‘‘चार मजले चढून बघ, म्हणजे कळेल.’’

यांनी टेबलाच्या उजव्या पायांखाली दोन जाड ग्रंथ सरकवले, म्हणजे बाण आपला उताराने डावीकडे घरंगळत येईल. टेबल तिरपं झालं. माउस घरंगळला. पेन्सिल घरंगळली. पाण्याचा पेला घरंगळता घरंगळता मी पकडला. बाण तेवढा घरंगळला नाही.

‘‘दुरुस्तीवाल्याला फोन करा,’’ मी म्हटलं. केला. फोन भलत्याच बाईने उचलला. ‘‘ते खुर्चीत आहेत. त्यांच्या दाढेचं काम चाललंय, तोंड उघडं आहे, बोलता येणार नाही.’’ फोन ठेवून हे गंभीर झाले. ‘‘त्याचं तोंड उघडं आहे, तरी बोलत नाही. कोणाला तरी घाबरतोय.’’

‘‘मी मोठ्या स्क्रीनची वायर काढून टाकते,’’ मी उठले. ‘‘होईल तसं लहानावर करीन.’’

‘‘पुराव्याशी छेडछाड!’’

पण मी थांबले ती यांच्या ओरडण्याने नाही. दुरुस्तीवाल्याने टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, ‘ताई, सगळं सेट केलंय. वायरी काढू नका.’ आपण स्वतःच्या जोरावर शिकलेली माणसं दुसऱ्याच्या ‘नका’ला फार भितो. शिकलेला माणूस ओढून बघतो आणि बिघडलं तर म्हणतो, यंत्रच भिकार. आपण म्हणतो, मला कुठे काय येतंय.

दोन वाजले. गुप्तहेर खात्याची विश्रांतीची वेळ. पण यांनी दारावर ‘बंद’ची पाटी लावली नाही, हेही लिहायला हवं.

तिसरा संशय खालच्या काकांवर. काकांनी गेल्या आठवड्यात बिनवायरचा माउस घेतला होता, आणि तो यांनी स्वतः पाहिला होता. हे जिना उतरले. मी पट्टीखालून वाकून त्यांच्या मागे, कारण यांनी एकट्याने कोणावर आरोप केले की मला नंतर महिनाभर त्या घरी तोंड दाखवता येत नाही.

‘‘काका,’’ हे दारातच म्हणाले, ‘‘तुमच्या माउसने आज दुपारी कोणाचा बाण उचलला का?’’

काका बनियनवर होते, हातात वर्तमानपत्र. ‘‘माझा उंदीर?’’ ते म्हणाले. ‘‘अहो, तो पेटीतून बाहेरच काढला नाही अजून. मुलीने पाठवलाय. कुठून चालू करायचा तेच मला माहीत नाही.’’

‘‘असं सगळेच म्हणतात.’’

‘‘कोण सगळे?’’

हे पाठ फिरवून जिना चढू लागले. परत येताना मी म्हटलं, ‘‘चोर सोडून संन्याशाला सुळी.’’ हे म्हणाले, ‘‘संन्याशांवरच लक्ष ठेवावं लागतं. त्यांना घर नसतं, झडती कुठे घेणार?’’

वर आलो तेव्हा अडीच होऊन गेले होते. मोठ्या मॉनिटरवर घाडा तसाच. मला तो वाचता येत होता, दिसत होता, पण त्याला हात लावता येत नव्हता. पंधरा वर्षांत पहिल्यांदा एक चूक मला वाकुल्या दाखवत होती.

मी खुर्चीत बसले. म्हणाले, ‘‘अहो, ऐका. आता गंमत पुरे. हे काम गेलं तर मला पुन्हा कोणी देणार नाही. या वयात मला नोकरीला कोण ठेवणार? माझ्याकडे कुठलं प्रमाणपत्र नाही. मला फक्त चुका दिसतात. तेवढंच येतं मला.’’

यांनी वही मिटली. मग माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, भिंग डोळ्याला लावलं आणि मोठ्या मॉनिटरवर इंच इंच शोधायला लागले. वीस मिनिटं. गुडघे वाजत होते, तरी.

‘‘थांब!’’ हे एकदम ओरडले. ‘‘माउस हलवू नकोस. नाही, हलव. थांब. हलव.’’

‘‘काय आहे?’’

‘‘इथे बघ. मोठ्या स्क्रीनच्या अगदी डाव्या कडेला. समासात.’’

मी वाकून बघितलं. पांढऱ्या समासात पांढरा बाण, काळी किनार. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी मघाशी त्याला उजवीकडे हरवला होता आणि तो डावीकडच्या टोकाला उभा.

‘‘सापडला की!’’ मी म्हणाले.

‘‘तो नव्हे हा.’’ यांनी भिंग माझ्याकडे रोखलं. ‘‘उजवीकडे पळालेला माणूस डाव्या कोपऱ्यात कसा निघेल? अगं, हे दोन आहेत. जुळे! एक उजवीकडून पळाला आणि हा त्याच्या जागी उभा केलाय. हा तोतया आहे. याच्यावर विश्वास ठेवून एक खूण जरी केलीस, तरी गेलीस.’’

खरं सांगते, कोडं त्या क्षणी सुटलेलं होतं. उत्तर यांच्या भिंगाखाली होतं. पण जुळ्या भावांसारखी सुंदर कल्पना समोर असताना साधं उत्तर घेऊन कोण बसतो? आणि मी? मी घड्याळाकडे बघत होते. तीन वाजून पंचवीस. भीतीने माणसाचं डोकं चालत नाही, नुसते काटे दिसतात.

तेवढ्यात शेजारची आगगाडी थांबली. दाराच्या पट्टीखालून एक बॉबिन घरंगळत आत आली, तिरप्या टेबलाखाली गेली आणि मागे दिसेनाशी झाली. तिच्यामागून बॅटरी घेऊन सासूबाई. ह्यांनी लावलेली पट्टी त्यांनी एका बोटाने वर केली आणि आत आल्या.

‘‘आई, हे घटनास्थळ आहे. साक्षीदारांना मी नंतर बोलावणार आहे.’’

‘‘हो रे बाळा,’’ म्हणून त्या टेबलामागे वाकल्या. यांचं वय एकसष्ट आहे. ‘‘अगं बाई! या वायरींची वेणी कोणी घातली?’’

‘‘कसली वेणी?’’ मी विचारलं.

‘‘ही काय, एकीवर एक. सकाळी त्या दुरुस्तीवाल्याने जोडल्या तेव्हा मीच बॅटरी धरून उभी होते. सरळ होत्या दोन्ही. हा धाकटा इकडे होता डावीकडे, थोरला तिकडे उजवीकडे. मला त्याने बाण चालवूनही दाखवला. धाकट्याच्या उजव्या कडेतून गेला की थोरल्यात शिरायचा.’’ त्या उठल्या, कमरेवर हात ठेवला आणि टेबलाकडे बघितलं. ‘‘आणि आता हे असं रिळं मांडल्यासारखं कोणी मांडलंय? आधी थोरला, मग धाकटा?’’

सासूबाईंनी हळूच मान वळवून मुलाकडे बघितलं. मी बघितलं. हे कपाटावरच्या पितळी वजनांच्या पेटीकडे बघत होते.

‘‘मी फक्त पुसले,’’ हे म्हणाले. ‘‘दुरुस्तीवाला गेल्यावर. धूळ होती.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि परत ठेवले.’’

‘‘कसे ठेवले?’’

‘‘नीट,’’ हे अगदी बारीक आवाजात म्हणाले. ‘‘लहान आधी आणि मोठा नंतर, असं कोणी ठेवतं का?’’

सासूबाई माझ्याकडे वळल्या. ‘‘पाच वर्षांचा होता तेव्हा माझी सगळी रिळं उंचीने लावून ठेवायचा. रंग गेला खड्ड्यात. तुला सांगते, एका बाईचा झगा मी अर्धा निळ्या आणि अर्धा काळ्या दोऱ्याने शिवून दिला याच्यापायी.’’ मग मॉनिटरांकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘डावी बाही उजवीकडे शिवली तर हात कुठून घालणार? कॉम्प्युटरला काय ठाऊक तुम्ही बाह्या बदलल्या? तो बिचारा अजून थोरल्याला उजवीकडेच शोधतोय.’’

एवढंच होतं. बाण उजवीकडून निघून योग्य दारानेच मोठ्या मॉनिटरमध्ये शिरत होता. ते दार आम्ही उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं होतं, म्हणजे ह्यांनी.

मोठा मॉनिटर ह्यांनीच उचलला. लहान मी. मॉनिटरांनी जागा बदलल्या, मागची वेणी सुटली. टेबलाखालचे ग्रंथ सासूबाईंनी पायाने सरकवून काढले आणि बॉबिन उचलून त्या गेल्या. मी माउस उजवीकडे सरकवला. बाण लहानातून निघाला, मध्ये जराही न अडखळता मोठ्यात शिरला आणि घाड्याच्या कान्यावर जाऊन उभा राहिला.

घडा.

तीन वाजून बत्तीस मिनिटं. पुढचा दीड तास मी मान वर केली नाही. एकदा बेल वाजली. खालचे काका होते, माउस पेटीसकट पिशवीत घालून आणला होता. ‘‘घ्या तपासून,’’ ते ह्यांना म्हणत होते, ‘‘माझ्या डोक्याला ताप नको. आणि तपासून झाला की चालू कुठून करायचा तेही सांगा.’’

‘‘हळू बोला,’’ हे कुजबुजले. ‘‘आत काम चाललंय.’’ आणि दोघं जिन्यात जाऊन बसले. मी पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिलं, हे पाठीने दाराला टेकून बसले होते, कोणी आत येऊ नये म्हणून. गुप्तहेराला अशी साधी पहारेकऱ्याची कामं शोभत नाहीत.

चार वाजून छप्पन मिनिटांनी पानं गेली.

संपादकबाईंचं उत्तर साडेपाचला आलं. ‘ताई, चौथ्या पानावरची चूक मूळ प्रतीतच होती, आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पहिला खंड सोमवारी पाठवते.’ मी ते दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.

संध्याकाळी ह्यांनी प्रकरणाचा अहवाल लिहिला आणि तपासायला माझ्यापुढे ठेवला. ‘गुन्हेगार : घरातलाच, असे प्रस्तुत लेखकाने प्रारंभीच जाहीर केले होते. हेतू : नीटनेटकेपणा. उकल : प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या मातोश्रींनी केली. तोतया बाणाविषयी तपास चालू आहे.’ मी पेन्सिल उचलली, एक वेलांटी दुरुस्त केली आणि पेन्सिल ठेवली.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले तर टेबल काहीतरी वेगळं दिसत होतं. मॉनिटर जागच्या जागी होते. डावीकडे लहान, उजवीकडे मोठा, मागच्या वायरी सरळ. पण दोन्हींची डोकी एका रेषेत आली होती. मानेला बरं वाटत होतं. वाकून बघितलं. लहान मॉनिटरखाली पितळी वजनांची पेटी होती, वजनांसकट.

आता दर शनिवारी वजनं पुसायची, तर आधी मॉनिटर हलवावा लागणार. पेटीवर एक चिठ्ठी डकवलेली होती. ‘पुरावा क्र. १४. कोणीही हलवू नये.’

आणि त्याखाली, माझा नवा चष्मा नसता तर दिसलंच नसतं एवढ्या बारीक अक्षरात : ‘मीसुद्धा.’